परळ गावाची नोंदवही

गावाचा इतिहास दोन ठिकाणी जिवंत राहतो. दगडात आणि माणसांत. परळचा दगड सुरक्षित आहे. प्रश्न आहे तो माणसांचा.

आज टोलेजंग इमारतींत हरवलेले परळ हे मुळात एक गाव होते. १९३१ साली परळ-शिवडी परिसरात रस्त्याचे काम चालू असता तेथे सुमारे साडेतीन मीटर उंचीची, एकाच शिळेत शिवाची सात रूपे कोरलेली मूर्ती सापडली. अभ्यासक तिचा काळ इसवी सनाचे सहावे शतक मानतात. ही मूर्ती आजही बारादेवी मंदिरात पूजेत आहे. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे ती तिची प्रतिकृती.

त्याच १९३१ साली ब्रिटिश अमलाखालील पॅलेस्टाईनमध्ये गावनिहाय जनगणना झाली. पुढे १९४८च्या युद्धात तेथील शेकडो गावे ओस पडली. तेथील राजकारणाविषयी आपली मते काहीही असोत. पण त्या गावांत घरे किती होती, माणसे किती होती, हे आज सांगता येते ते त्या नोंदींमुळे. जुन्या परळवर युद्ध कोसळले नाही. ते हळूहळू, बिनआवाज पांगले. म्हणूनच त्याची नोंद घेण्याचे कोणाला सुचले नाही.

कोकणातून आणि घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांनी हे गाव गजबजविले. गावकीच्या खोल्या, खानावळी, भजनी मंडळे यांनी त्याला आकार दिला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत. त्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३.३८ लाखांवरून ३०.८५ लाखांवर आली, तर उपनगर जिल्ह्याची वाढली. दहा बाय बाराच्या खोलीतून डोंबिवली-विरारला मोठ्या घरात गेलेल्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. संसार वाढला, जागा वाढली नाही, हे त्यामागचे साधे कारण आहे.

आता २०२७ची जनगणना जाहीर झाली आहे. परंतु जनगणना हजर असलेल्यांना मोजते. कोण गेले, कोठे गेले आणि का गेले, हे ती परळपुरते सांगणार नाही. ते काम आपले आहे. गणेशोत्सव मंडळांच्या माळ्यावर वर्गणीची जुनी पावतीपुस्तके धूळ खात पडली आहेत. खोली क्रमांक, कुटुंबप्रमुखाचे नाव, वर्ष; गावाची जनगणना तेथे आधीच लिहिलेली आहे! मूळ गाव, व्यवसाय आणि स्थलांतराचे ठिकाण तेवढे ज्येष्ठांना विचारून जोडावयाचे आहे.

चाळ पुनर्विकासासाठी रिकामी करताना पहिली अडगळ म्हणून हीच पुस्तके रद्दीत जातात. मूर्ती शतकानुशतके जमिनीखाली राहूनही टिकली. कागदाला तेवढी सवड नाही.