विश्लेषण : दिव्याचा रंग ठरवणारी ‘भेसळ’ टीव्हीपर्यंत का पोहोचत नाही?

‘क्यूएलईडी’ टीव्हीतले क्वांटम डॉट स्वतः पेटत नाहीत. मागे निळे एलईडी असतात आणि डॉट त्यांच्या उजेडाचा काही भाग हिरवा नि लाल करतात. २०२३चे रसायनशास्त्राचे नोबेल या अतिसूक्ष्म स्फटिककणांच्या शोधालाच मिळाले. कण जितका लहान, तितका त्याचा रंग निळ्याकडे झुकतो. या खेळात कॅडमियम सेलेनाइड सर्वांत सरस ठरले, पण कॅडमियम विषारी. भारताच्या २०२२च्या ई-कचरा नियमांतही त्याची मर्यादा वजनाच्या फक्त ०.०१ टक्के आहे.

भेसळीने काय साधते?

रंग आकाराऐवजी पाहुण्या अणूवर सोपवता येतो. झिंक सल्फाइडच्या कणात थोडे मँगनीज मिसळले, की कणाने शोषलेली ऊर्जा मँगनीजच्या अणूकडे जाते आणि नारिंगी प्रकाश मिळतो, सुमारे ५९० नॅनोमीटरचा. तांबे मिसळल्यास हिरवा. कण थोडे लहानमोठे झाले तरी मँगनीजचा रंग फारसा हलत नाही आणि शेजारचे कण तो प्रकाश गिळतही नाहीत. रामेश्वर भार्गव व सहकाऱ्यांनी १९९४मध्ये असे कण जगापुढे आणले. पुढच्याच वर्षी पुणे विद्यापीठात सुलभा कुलकर्णी यांच्या गटाने मँगनीज आणि तांबे, दोन्हींवरचे निबंध प्रसिद्ध केले. म्हणजे हा विषय आपल्याकडे उशिरा आला, असे मुळीच नाही.

मग अडते कुठे?

एक तर इतका लहान कण परक्या अणूला सहज आत घेत नाही. अणू पृष्ठभागावरच राहतो किंवा बाहेर फेकला जातो. पण खरी अडचण वेगाची आहे. साधा क्वांटम डॉट काही नॅनोसेकंदांत प्रकाश सोडून मोकळा होतो, मँगनीजला मिलिसेकंद लागतो, म्हणजे लाखपटींच्या घरात अधिक वेळ. एलईडीत वीजप्रवाह वाढवला, तरी आधीचेच अणू रिकामे झालेले नसतात. जादा ऊर्जा उष्णतेत वाया जाते. नॅनोकणांत हा वेळ कमालीचा घटतो, हा १९९४चा दावा नंतरच्या मोजमापांत टिकला नाही. शिवाय मँगनीजचा रंगपट्टा रुंद. टीव्हीला नेमका, अरुंद पट्टा हवा असतो. म्हणून कंपन्या कॅडमियम सोडून भेसळीच्या कणांकडे नव्हे, तर इंडियम फॉस्फाइडकडे वळल्या.

घरातल्या पांढऱ्या दिव्याला मात्र रुंद पट्टाच सोयीचा. तिथे ही युक्ती, नॅनोकणांविना, केव्हाच रुळली आहे : निळ्या एलईडीवरच्या पिवळ्या लेपात बहुधा सिरियमच मिसळलेले असते.