विश्लेषण : एमिनेमचा २००५ मधील ‘हिट्स’ अल्बम यादीत इतकी वर्षे कसा टिकला? पैसा कोणाला मिळतो?

गाजलेली जुनी गाणी एकत्र करून काढलेला अल्बम म्हणजे जुन्या मालाला नवे वेष्टन, असे अनेकांना वाटते. मात्र अमेरिकी रॅपर एमिनेमच्या ‘कर्टन कॉल : द हिट्स’ने हा समज खोटा ठरवला. डिसेंबर २००५ मध्ये आलेल्या या अल्बमने २०२१ मध्ये ‘बिलबोर्ड २००’ यादीत एकूण ५२० आठवडे, म्हणजेच दहा वर्षे पूर्ण केली. तोपर्यंत हिपहॉपच्या एकाही अल्बमला हे जमले नव्हते. हे कसे घडले?

सोळा वर्षांत दहाच वर्षे का?

पूर्वी ‘बिलबोर्ड २००’मध्ये जुन्या अल्बमना जागा नव्हती. दीड वर्ष उलटून गेलेला आणि शंभराव्या क्रमांकाच्या खाली घसरलेला अल्बम वेगळ्या ‘कॅटलॉग’ यादीत टाकला जाई. जून २००९ मध्ये मायकल जॅक्सनचे निधन झाले आणि या नियमातील विसंगती उघड झाली. त्याच्या ‘नंबर वन्स’ या संकलनाची विक्री मुख्य यादीतील पहिल्या क्रमांकाच्या अल्बमपेक्षाही जास्त झाली, तरी नियमामुळे तो त्या यादीत दिसलाच नाही. डिसेंबर २००९ पासून जुन्या अल्बमनाही मुख्य यादीत प्रवेश मिळाला.

स्ट्रीमिंगने काय बदलले?

डिसेंबर २०१४ पासून ‘बिलबोर्ड’ने विक्रीसोबत स्ट्रीमिंगही मोजायला सुरुवात केली. सुरुवातीला १,५०० स्ट्रीम म्हणजे एक अल्बम असा हिशेब होता. २०१८ मध्ये पैसे भरणाऱ्या आणि जाहिराती ऐकणाऱ्या श्रोत्यांसाठी वेगळे दर आले. सीडी एकदाच विकली जाते आणि एकदाच मोजली जाते. स्ट्रीमिंगमध्ये मात्र तेच गाणे रोज ऐकले, तर ते रोज मोजले जाते. त्यामुळे एका जागी अनेक गाजलेली गाणी असलेल्या संकलनाला मोठा फायदा झाला.

‘लूज युवरसेल्फ’ हे त्याचे ठळक उदाहरण. ऑस्कर मिळवणारे हे पहिले रॅप गाणे २००२ मध्ये ‘८ माइल’ चित्रपटासाठी आले होते. एमिनेमच्या नेहमीच्या स्टुडिओ अल्बममध्ये ते नाही. त्यामुळे त्याच्या चाहत्यांसाठी ‘कर्टन कॉल’ हेच या गाण्याचे घर बनले.

मग पैसा कोणाला?

यादीतील क्रमांक फक्त किती ऐकले गेले एवढेच सांगतो. पैशाची वाटणी ठरते ती करारावरून, आणि तो करार अनेकदा स्ट्रीमिंग जन्माला येण्याआधीचा असतो. एमिनेमला सुरुवातीच्या काळात संधी देणाऱ्या ‘एफबीटी प्रॉडक्शन्स’चा ‘आफ्टरमॅथ’ कंपनीशी १९९८ मध्ये करार झाला. त्यानुसार रेकॉर्ड ‘विकल्यास’ १२ ते २० टक्के, तर गाणे परवान्यावर दुसऱ्याला दिल्यास ५० टक्के रॉयल्टी ठरली होती. पुढे आयट्यून्सवरील डाउनलोड आले. ही विक्री की परवाना, यावरून वाद न्यायालयात गेला. ज्युरीने कंपनीच्या बाजूने कौल दिला होता, पण २०१० मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला आणि हा परवानाच असल्याचे सांगितले. २०१२ मध्ये दोन्ही पक्षांनी तडजोड केली. करारातील एका शब्दाच्या अर्थावर १२ आणि ५० टक्क्यांमधला फरक अवलंबून होता.

करारात तरतूदच नसेल तर?

न्यूयॉर्कच्या ‘डी ला सोल’ या गटाने त्याची किंमत मोजली. १९८९ मध्ये पहिला अल्बम आणणाऱ्या या गटाच्या गाण्यांत इतरांच्या रेकॉर्डमधील अनेक तुकडे वापरले होते. त्या परवानग्या कॅसेट-रेकॉर्डच्या काळातल्या, डिजिटल वापराचा त्यांत विचारच नव्हता. हे आणि हक्कांचे इतर वाद सुटेपर्यंत त्यांचे सुरुवातीचे अल्बम स्ट्रीमिंगवर आले नाहीत. अखेर ३ मार्च २०२३ रोजी ते उपलब्ध झाले. गटाचा सदस्य ट्रूगॉय याचे निधन त्याच्या तीनच आठवडे आधी झाले होते.

श्रोत्यांसाठी याचा अर्थ काय?

एखादे गाणे मूळ अल्बममधून ऐकले काय किंवा संकलनातून, रेकॉर्डिंग तेच असेल तर सहसा त्याचा मालकही तोच असतो. फरक पडतो तो मुख्यतः यादीतील हिशेबात. कलाकाराच्या हाती किती पडणार, हे त्याने पंचवीस-तीस वर्षांपूर्वी कोणत्या कागदावर सही केली यावर ठरते. म्हणूनच ‘दहा वर्षे यादीत’ ही बातमी वाचताना अल्बमची लोकप्रियता कळते, कलाकाराची कमाई नाही. आज पहिले गाणे प्रसिद्ध करणाऱ्या तरुण रॅपरसाठीही धडा तोच आहे. व्ह्यूज मोजण्याआधी करारातील ‘विक्री’, ‘परवाना’ आणि ‘भविष्यातील माध्यमे’ हे शब्द नीट वाचायला हवेत.