पान मुलांच्या हातून उभे राहू द्या

वाशीमसारख्या जिल्ह्यात शाळकरी मुलांना वेबसाइट बनवणे ऑनलाइन शिकवावे, असे म्हटले की तीन आक्षेप हमखास येतात. मराठी शाळेतल्या मुलांचे इंग्रजी कच्चे असते; खेड्यात इंटरनेट धड चालत नाही; आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेला दोन वाक्ये सांगितली की वेबसाइट तयार होते, मग हा खटाटोप कशाला?

पहिल्या आक्षेपात फारसा दम नाही. शीर्षक, परिच्छेद, यादी, चित्र, दुवा अशा एचटीएमएल या वेबपानाच्या भाषेतल्या दहा-बारा खुणा आल्या की पहिले पान उभे राहते. खुणा इंग्रजी असल्या तरी मधला मजकूर मराठीत चालतो. सोयाबीनच्या पेरणीवर पान करायला रिसोडच्या मुलाला इंग्रजी निबंध लिहिता यावा लागत नाही.

दुसरी अडचण खरी आहे, पण तिच्यावर तोड आहे. वेबपान ही शेवटी मजकुराची साधी फाइल. ती नोटपॅडमध्ये लिहून ब्राउझरमध्ये उघडायला इंटरनेट लागतच नाही. धडा उतरवून घ्यायला, पान चढवायला आणि एकमेकांची पाने पाहायला तेवढे ते लागते. रेंज गेली की वर्ग बुडतो तो तासन् तास व्हिडिओ दाखवणाऱ्या उपक्रमात. व्हिडिओला माझा विरोध नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये छोटा धडा पाहायचा, थांबवायचा आणि लगेच तेच करून बघायचे, अशी रीत आहे. करून बघणे गाळले तर उरते ती नुसती करमणूक.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार. यंत्र पान बनवून देते, हे मान्य. पण पोहरादेवीच्या तीर्थक्षेत्री येणाऱ्या भाविकाला पानावर नेमके काय हवे आणि लिहिलेले खरे आहे का, हे कोण ठरवणार? शिवाय बिघाड कुठे झाला, हे रचना कळल्याशिवाय सापडत नाही. घरच्या संगणकावर दिसणारा फोटो पान चढवल्यावर गायब होतो. कारण एवढेच, की फाइलच्या नावातले ‘जेपीजी’ कॅपिटल अक्षरांत असते आणि कोडमध्ये स्मॉल. विंडोज हा फरक मानत नाही, बहुतेक सर्व्हर मानतात. ही चूक ज्या मुलीने स्वतः शोधली, ती यंत्राने दिलेले पानही डोळसपणे तपासेल.

मग उपक्रम कसा असावा? सुरुवात कोडने करू नये, वाचकापासून करावी. प्रत्येक गटाने आपल्या तालुक्यातला एक विषय आणि एक वाचक निवडावा. कारंजा-सोहोळ अभयारण्यात काळवीट पाहायला येणारा पर्यटक घ्या, किंवा वाकाटकांच्या वत्सगुल्माविषयी, म्हणजे प्राचीन वाशीमविषयी, वाचू पाहणारा विद्यार्थी. आधी माहिती गोळा करून ती जाणत्यांकडून तपासून घ्यावी, मग कागदावर आराखडा काढावा, आणि त्यानंतर कोड लिहावा. मोबाइलवर काढलेला चार एमबीचा फोटो दोनशे केबीवर आणावा, कारण वाचकाचा डेटा विकतचा असतो. मुलांचे चेहरे आणि फोन नंबर पानावर येऊ नयेत.

ऑनलाइन असण्याचा खरा फायदा यापुढे दिसतो. मानोऱ्याच्या गटाचे पान मालेगावच्या गटाने मोबाइलवर उघडावे, हवी ती माहिती मिळाली का ते लिहून कळवावे आणि त्यावरून पान सुधारावे. गुण द्यायचे ते या सुधारणेला.

टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये केलेल्या पहिल्या ब्राउझरमध्ये पाने वाचताही येत होती आणि लिहिताही. आपण मुलांच्या वाट्याला फक्त वाचणे ठेवले. २०१८ पासून नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत असलेल्या वाशीमला संगणक आणि प्रमाणपत्रे वाटून भागणार नाही. उपक्रम संपल्यावर किती मुलांनी केलेले पान दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडले, हे शाळांनी मोजावे. यश ठरवायचे ते याच हिशेबावर.