तिरक्या हँडलचा ताळमेळ

कॅलिफोर्नियाच्या मरीन परगण्यात टॅमल्पाइस नावाचा डोंगर आहे. १९७० च्या दशकात काही तरुण जाड टायरच्या जुन्या सायकलींवरून त्याच्या कच्च्या वाटा भरधाव उतरत. या छंदातून माउंटन बाइक जन्मास आली. जो ब्रीझ याने १९७७ मध्ये याच कामासाठी खास सांगाडा बांधला आणि १९८१ मध्ये ‘स्टम्पजम्पर’ सामान्य ग्राहकासाठी बाजारात आली. त्या पिढीच्या सायकली हौशी मंडळी आजही जपतात. त्यांत एक दोष मात्र वारंवार आढळतो : चाक सरळ असते, पण हँडल तिरके.

अशा वेळी बहुतेकांचा हात प्रथम पान्याकडे जातो. व्यापारी मनुष्य मात्र जाणतो की, तेरीज जुळली नाही तर आधी चूक शोधावी, दुरुस्तीची नोंद मागाहून करावी. येथेही तोच क्रम हितावह ठरतो.

सर्वप्रथम पुढचे चाक चिमट्यात नीट बसले आहे का, हे पाहावे. चाक एका बाजूला झुकलेले दिसल्यास ते काढून उलट बाजूने बसवावे. झुकाव बाजू बदलत असेल तर दोष चाकाचा, म्हणजे आऱ्यांच्या ताणाचा. तो त्याच बाजूस राहिला तर संशय चिमट्यावर घ्यावा. चाक निर्दोष ठरल्यावरच स्टेमकडे, म्हणजे हँडल आणि चिमटा यांना जोडणाऱ्या आखूड दांड्याकडे वळावे.

जुन्या पद्धतीत हा दांडा चिमट्याच्या नळीत उतरलेला असतो. वरचा लांब बोल्ट आवळला की तळाची पाचर वर ओढली जाऊन नळीच्या आतील भिंतीवर घट्ट दाबली जाते. आपल्याकडच्या काळ्या सायकलीचे हँडलही याच युक्तीने बसते. म्हणूनच कोपऱ्यावरचा सायकलवाला पुढचे चाक गुडघ्यांत धरून ते क्षणात सरळ करतो.

बोल्ट दोन-तीन फेरे सैल करावा, काढून टाकू नये. त्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीने हलका ठोका दिला की पाचर सुटते. काही जुन्या सायकलींत पुढच्या ब्रेकची तार स्टेममधून जाते. तेथे ती आधी ढिली करावी. मग सायकलीवर उभे राहून वरून पाहावे आणि हँडल पुढच्या चाकाच्या आसाशी समांतर आणावे. टायरच्या रेषेपेक्षा आसाची खूण अधिक विश्वासाची. दांड्यावरची किमान खोलीची रेघ नळीबाहेर दिसता कामा नये.

चाळीस वर्षांत पोलादी नळीत ॲल्युमिनियमचा दांडा गंजाने जखडलेला असू शकतो. तेथे बळ उपयोगी नाही. भेदक तेल सोडून रात्रभर थांबावे, गरज पडल्यास पुन्हा सोडावे. सुटल्यावर दांडा पुसून ग्रीसचा पातळ हात द्यावा, म्हणजे पुढच्या वेळी हा प्रसंग येत नाही.

आवळताना मर्यादा दोन्हीकडून पाळावी. बोल्ट सैल राहिला तर उतारावर हँडल वळेल, चाक वळणार नाही. अति आवळला तर पाचर नळीला फुगवटा आणते आणि चिमटाच निकामी होतो. शेवटी चाक गुडघ्यांत धरून हँडल बेताच्या जोराने पिळावे. ते हलले नाही, तरच सायकल रस्त्यावर न्यावी. एवढे करूनही एक मूठ पुढे आणि दुसरी मागे दिसली, तर हँडलची नळीच वाकली आहे असे समजावे. वाकलेले ॲल्युमिनियम सरळ करू पाहणे म्हणजे तुटण्यास निमंत्रण. ते बदलणेच योग्य.

हिशेबातील किरकोळ फरक सस्पेन्स खात्यात टाकून वर्ष पुढे ढकलणारे अनेक असतात. कागदावर ते काही काळ निभते. सायकलीवर मात्र त्या फरकाची वसुली पहिल्याच उतारावर होते आणि ती स्वाराच्या हाडांतून होते. तेव्हा अर्ध्या तासाची ही तपासणी टाळू नये.