सीताफळाची सेटिंग बाटलीत मिळत नाही

जून लागला की दुकानात सीताफळाच्या बाटल्या मांडल्या जातात. "फुलगळ बंद, सेटिंग फुल." आपण भाव विचारतो, फूल का गळतं ते विचारत नाही.

सीताफळात नर-मादी एकाच फुलात असतात, पण दोघांची वेळ जुळत नाही. पाकळ्या जराशा उकलतात तेव्हा मादी तयार असते. फूल पुरतं उघडून पराग सुटतो तोवर ती वाळलेली. म्हणून एका फुलाचा पराग दुसऱ्यात कुणीतरी न्यावा लागतो. हे काम मधमाशीचं नाही, तिळाएवढ्या भुंगेऱ्यांचं. जाड पाकळ्यांच्या आत तेच शिरतात. फळाचा जो डोळा परागाविना राहिला तो फुगत नाही, फळ एका अंगानं बसकं होतं. आपण म्हणतो खत कमी पडलं!

हे भुंगेरे वाढतात सडक्या फळात, ओल्या पाल्यात. आणि आपण काय करतो? उन्हाळ्यात बांध पेटवतो. ऐन फुलात कपाशीच्या पंपातलं उरलेलं औषध "वाया कशाला घालवायचं" म्हणून बांधावरच्या सीताफळावर मारतो. मग टॉनिक आणतो. त्या बाटलीत पराग आहे का, राव?

कुणी म्हणेल, पिठ्या ढेकूण आला तर? काळी पडून झाडावरच वाळलेली फळं काढून जाळाच, खोडाला चिकटपट्टी लावा. फवारायचंच असेल तर फळं धरल्यावर. पण ऐन फुलात नको. आणि एप्रिल-मेची फुलं आपल्या जालन्याच्या कोरड्या उन्हात गळणारच, त्यांच्यासाठी पैसे घालू नका. खरी धारणा पावसाची ओल हवेत आल्यावर.

बांधावर दहा-वीस झाडं असतील तर सकाळी उमललेल्या फुलांतला पराग डबीत झटका, मऊ ब्रशनं अर्धवट उकललेल्या फुलांत लावा. मोठ्या बागेला मजुरी परवडेल का, ते ज्यानं त्यानं बघावं.

आमच्या शिवारात "फळ धरत नाही" म्हणून जुनी झाडं जेसीबीनं उपटली. पाणी न देता जगणारी, शेळीही तोंड न लावणारी झाडं. तिकडं बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, अंबाजोगाईला सीताफळाचं संशोधन केंद्र आहे. लांब नाही.

कृषी सहायक साहेब, शेतीशाळेत बोंडअळीवर तासभर बोलता, बोला. पण यंदा जुलैत एक अर्धवट उकललेलं आणि एक पुरतं उमललेलं फूल फाडून बांधावर सगळ्यांना दाखवा. फुलं माझ्याकडून.