रोहिणी लागायच्या आत

नरखेड तालुक्यातील बँका, कृषी विभाग, बाजार समिती, शेतकरी कंपन्यांचे संचालक आणि सावकार यांना जाहीर इशारा

२५ मेला रोहिणी लागते. त्या दिवसापर्यंत तालुक्यातल्या प्रत्येक पात्र कास्तकाराच्या खात्यात पीक कर्ज जमा झाले पाहिजे. घरातल्या बियाण्याची उगवण कशी तपासायची हे त्याला त्याच्याच गावात शिकवले गेले पाहिजे. पिकलेला माल कुठे ठेवायचा, कोणाला आणि कोणत्या अटीवर विकायचा, हे त्याला पेरणीआधी ठाऊक झाले पाहिजे. यातले एकही काम राहिले तर २६ मेच्या सकाळी आम्ही नरखेडच्या तहसील कार्यालयासमोर बसू आणि काम झाल्याशिवाय उठणार नाही. विनंतीअर्ज खूप दिले. हा इशारा आहे.

आम्ही कोण, हे आधी नीट समजून घ्या. नरखेड म्हटले की लोकांना संत्रा दिसतो. पण डिंक्याने झाडे वाळली, फळगळीने बहार गेले, विहिरीचे पाणी खाली गेले आणि बोअर खोल खोल न्यावे लागले. बांगलादेशाने आयात शुल्क वाढवत २०२३ मध्ये किलोमागे ८८ टका (तिथले चलन) एवढ्यावर नेले आणि उरलेला भावही पडला. कित्येकांनी पोटच्या पोरासारखी वाढवलेली झाडे स्वतःच्या हाताने तोडली. त्या वावरात आज सोयाबीन, तूर, चना आणि गहू उभा आहे. हिंगणा-बुटीबोरीच्या कारखान्यातली कंत्राटी नोकरी सुटल्यावर गावी परतलेला पोरगा तिथे तिफण धरतो आहे. नवरा गेल्यावर जिच्या नावावर अजून सातबारा चढलेला नाही, ती बाई तिथे डवरणी करून घेते आहे. स्वतःचे वावर नसलेला माणूस तिथे मक्त्याने कसतो आहे. हे सारे धान्यशेतीत नवे आहेत.

संत्र्याची बाग व्यापारी झाडावरच विकत घेतो, इसार देतो, तोडणी त्याची, गाडी त्याची. धान्यात असे काहीच नाही. बी, खत, मजुरी, हडंब्याचे भाडे, वाळवण, चुंगड्या, गाडीभाडे, सगळे कास्तकाराने आधी घालायचे आणि भाव शेवटी कळायचा. म्हणून ज्याने वीस वर्षे बाग सांभाळली, तोही सोयाबीनच्या पहिल्या हंगामात नवशिकाच असतो. त्याला तीन गोष्टी लागतात: वेळेवर पैसा, हाताला धरून दिलेली शिकवण आणि बाजारात उभे राहताना सोबत. आमच्या तालुक्यात या तिन्ही गोष्टी येतात, पण पेरणी आटोपल्यावर येतात. उशिरा आलेला पैसा बियाण्याला लागत नाही, सावकाराच्या व्याजाला लागतो. आमचे सगळे भांडण या उशिराशी आहे.

बँकांना

नियम तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहेत, म्हणून बोलतो. तीन लाखांपर्यंतचे पीक कर्ज सात टक्क्यांनी द्यायचे आणि वेळेत फेडले की केंद्राच्या सवलतीने ते चार टक्क्यांवर येते. त्यावर राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना आहे, तिने वेळेत फेडणाऱ्याचे व्याज शून्य होते. १ जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण मागायचे नाही, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. पीक कर्जासाठी सिबिलची सक्ती करू नका, हे राज्य सरकारने वारंवार बजावले आहे.

आता वावरातले ऐका. मागच्या हंगामात एका तरुणासोबत मी एका बँकेच्या काउंटरपुढे उभा होतो. सातबारा, आठ-अ, फेरफार, चतुःसीमा, इतर बँकांचे थकबाकी नसल्याचे दाखले, सगळे पिशवीत होते. कधी साहेब बैठकीला गेलेले, कधी सर्व्हर बंद, कधी एक दाखला जुना झालेला. चार फेऱ्या झाल्या आणि मृगाचा पाऊस पडला. त्याने गावातून पन्नास हजार उचलले, शेकडा पाच महिन्याने. कर्ज मंजूर झाले तेव्हा सोयाबीनला डवरणी चालू होती. दिवाळीपर्यंतच्या पाच महिन्यांचे व्याज साडेबारा हजार झाले, म्हणजे बाजारातल्या भावाने तीन क्विंटल सोयाबीन. बँकेने वेळेवर दिले असते तर हेच व्याज शून्य झाले असते. ते तीन क्विंटल कोणी नेले, याचे उत्तर आम्हाला हवे आहे.

या जिल्ह्याला पतपुरवठ्याची एक जुनी जखम आहे. २००२ मध्ये नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचा रोखे घोटाळा उघड झाला आणि दीडशे कोटींच्या वर रक्कम अडकली. खालच्या न्यायालयाचा निकाल लागायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. त्यात माजी अध्यक्षांसह सहा जण दोषी ठरले आणि प्रकरण पुढे अपिलात गेले. दोन दशकांच्या या काळात गावची सेवा सहकारी सोसायटी कोरडी पडली. ज्या दारात आमचे बाप अंगठा उठवून कर्ज आणत, ते दार बंद झाले. म्हणून आज राष्ट्रीयीकृत बँकांवर जबाबदारी जास्त आहे. उद्दिष्टाचा आकडा तुम्ही जुन्याच खातेदारांच्या नूतनीकरणावर पुरा करता. यंदा नव्या खातेदाराचा आकडा वेगळा दाखवा. तो आम्ही मागणार आहोत.

कृषी विभागाला आणि विद्यापीठाला

अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून आहे. नागपुरात कृषी महाविद्यालय आहे, केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, वनामतीसारखी प्रशिक्षण संस्था आहे. एवढे ज्ञान एका रेल्वेमार्गावर असताना आमच्या पोराला बियाण्याचा सल्ला कृषी केंद्राच्या गल्ल्यावर मिळावा, हे चालणार नाही. तिथे सल्ल्यासोबत नको असलेली बाटलीही गळ्यात मारली जाते आणि युरिया हवा तर ती घ्यावीच लागते. हे लिंकिंग तुम्हाला ठाऊक आहे. यंदा ज्या दुकानात ते होईल, त्या दुकानाची लेखी तक्रार त्याच दिवशी तुमच्या टेबलावर येईल.

शिकवण म्हणजे काय हवे, तेही सांगतो. गोणपाट ओले करायचे. त्यावर सोयाबीनचे शंभर दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करायची, सावलीत ठेवायची, ओल टिकवायची. सहा-सात दिवसांनी उघडून चांगले कोंब मोजायचे. सत्तर निघाले तर एकरी तीस किलो बी पुरते, साठ निघाले तर पस्तीस किलो लागते, त्याहून फार कमी असेल तर ते बी पेरायचेच नाही. सोयाबीनच्या दाण्याचे साल पातळ असते, पोते उंचावरून आपटले तरी उगवण मरते. पेरणी ७५ ते १०० मिलीमीटर पाऊस मुरल्यावरच करायची. आधी बुरशीनाशक, मग पेरणीच्या वेळी जिवाणू खत चोळायचे. एवढे कळले तर दुबार पेरणीचे संकट निम्मे टळते. याला सभागृह लागत नाही. एक गोणपाट आणि वेळेवर आलेला कृषी सहायक पुरे.

२०२३ मध्ये पिवळा मोझॅक आणि मुळकूज आली तेव्हा विदर्भात हिरवीगार वावरे आठ-पंधरा दिवसांत पिवळी पडली. पांढरी माशी आधी ओळखायला शिकलेले डोळे त्या दिवशी वावरात नव्हते. म्हणून शेतीशाळा वावरातच भरवा आणि एका हंगामात चारदा भरवा: पेरणीआधी, फुलोऱ्यात, काढणीला आणि साठवणीला. निम्म्या जागा बायांना द्या. निंदण, निवड आणि बियाण्याची जपणूक त्याच करतात, आणि प्रशिक्षणाच्या हजेरीपटावर मात्र त्यांच्या नवऱ्याचे नाव असते.

बाजार समितीला आणि शेतकरी कंपन्यांच्या संचालकांना

२०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये होता आणि बाजारात सोयाबीन चार हजारांच्या आसपास विकले गेले. मूठभर दाणे ओलाव्याच्या यंत्रात टाकले की कास्तकाराचा चेहरा उतरतो, कारण यंत्राचा आकडा व्यापारी वाचतो आणि कटतीही व्यापारीच ठरवतो. आवारात समितीचे स्वतःचे, तपासलेले ओलावा यंत्र ठेवा आणि त्याचा आकडा पावतीवर लिहा.

राज्य पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. सोयाबीन, तूर, चना गोदामात ठेवला की किमतीच्या ७५ टक्के रक्कम सहा टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी मिळते. हिशेब करा. वीस क्विंटल सोयाबीन, चार हजारांनी ऐंशी हजार. त्यावर साठ हजार हातात आले आणि सहा महिन्यांचे व्याज अठराशे रुपये. भाव वाढेलच असे कोणी सांगू शकत नाही, पण दिवाळीच्या तोंडावर मिळेल त्या भावाला माल फेकण्याची सक्ती सुटते. ही योजना कागदावर ठेवू नका. गोदामात किती जागा आहे, हे सप्टेंबरमध्येच गावोगाव जाहीर करा.

शेतकरी उत्पादक कंपन्यांची गोष्ट याहून कडक आहे. दहा हजार कंपन्या उभारण्याची केंद्राची योजना २९ फेब्रुवारी २०२० ला सुरू झाली. व्यवस्थापनाला तीन वर्षांत अठरा लाखांपर्यंत, सभासदामागे दोन हजारांप्रमाणे पंधरा लाखांपर्यंत समभाग अनुदान, आणि कर्जाला हमी. हा पैसा कास्तकाराच्या नावावर आलेला आहे. ज्या कंपनीने सभासदांकडून भागभांडवल घेतले आणि त्यांच्या मालाचे एक पोतेही विकत घेतले नाही, तिच्या संचालकांनी १५ मेच्या आत गावात सभा घेऊन जमाखर्च मोठ्याने वाचून दाखवावा. वाचला नाही तर आम्ही तो कंपनी निबंधकाकडून आणि अनुदान देणाऱ्या संस्थेकडून मागवू आणि चौकात लावू.

सावकारांना

महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ चा आहे. परवानाधारक सावकाराने शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला नऊ आणि विनातारणावर बारा टक्क्यांहून जास्त व्याज घ्यायचे नाही. महिन्याला शेकडा पाच म्हणजे वर्षाला साठ. परवान्याशिवाय सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद आहे. ज्यांनी कर्जापोटी वावराची खरेदी करून ठेवली आहे, त्यांनी ती कागदपत्रे रोहिणीच्या आत परत करावीत. पुढे ती सहायक निबंधकासमोर उघडावी लागतील, कारण कर्जापोटी लाटलेली जमीन परत देण्याची तरतूद याच कायद्यात आहे.

आमच्या मागण्या आणि त्यांच्या तारखा

१. प्रत्येक बँक शाखेने २० एप्रिलपर्यंत नव्या कर्जाचे अर्ज स्वीकारावेत आणि तारखेची पोच द्यावी. १५ मेपर्यंत मंजुरी किंवा लेखी नकार, कारणासह.
२. मक्त्याने आणि बटईने कसणाऱ्यांना, तसेच सातबारा न चढलेल्या बायांना, संयुक्त देयता गटातून कर्ज मिळावे. वारसाची नोंद अडलेली असेल तर तहसीलदारांनी ३० एप्रिलपर्यंत गावात शिबिर घेऊन ती लावावी.
३. १० ते २० मेदरम्यान गावोगाव उगवण चाचणी आणि बीजप्रक्रियेची शेतीशाळा व्हावी.
४. बाजार समितीने तारण योजनेचे अर्ज आणि गोदामातील जागा यांचे वेळापत्रक २० मेपर्यंत लावावे.
५. शेतकरी कंपन्यांनी १५ मेपर्यंत जमाखर्च वाचावा आणि यंदा कोणता माल, किती, कोणत्या अटीवर घेणार ते लिहून द्यावे.

न झाल्यास

कोणत्या शाखेत किती अर्ज गेले, किती मंजूर झाले आणि किती अडले, ही यादी दर सोमवारी गावाच्या चावडीवर लागेल. तीस दिवसांत उत्तर न देणाऱ्या प्रत्येक बँकेची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईल, एक सामूहिक अर्ज म्हणून नव्हे, प्रत्येक कास्तकाराची वेगळी. आणि २६ मेपासून तहसीलसमोर ठिय्या. कोणाच्या अंगाला हात लागणार नाही, कोणाची काच फुटणार नाही, पण पेरणीच्या दिवसांत कास्तकार वावर सोडून तुमच्या दारात का बसला, याचे उत्तर तुम्हाला जिल्ह्याला द्यावे लागेल.

आणि आपल्याच माणसांना

बंधू-भगिनींनो, हा इशारा आपल्यालाही आहे. पीक कर्ज लग्नात घालाल आणि बी सावकाराच्या पैशाने आणाल, तर दोष बँकेचा राहणार नाही. कर्जमाफीची वाट पाहत ३१ मार्च चुकवाल, तर शून्य व्याजाची सवलत जाईल आणि पुढच्या वर्षी बँकेला नाही म्हणायला कारण मिळेल. कंपनीला माल देण्याचे कबूल करून पन्नास रुपये जास्त देणाऱ्याकडे रात्री बंडी वळवाल, तर ती कंपनी आपणच बुडवली असेल. बियाण्याचे पक्के बिल, पिशवी, टॅग आणि मूठभर बी जपून ठेवा. बिल नसेल तर तक्रारही उभी राहत नाही. अर्ज दिला की पोच घ्या. पोच देत नसतील तर तिथून हलू नका, फोन करा, आम्ही येतो.

१८ मेला आम्ही गावोगाव ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवणार आहोत. २५ मेच्या सकाळी ते उघडू आणि कोंब मोजू. त्याच सकाळी बँकेत गेलेले अर्ज आणि खात्यात जमा झालेली कर्जेही मोजू. दोन्ही आकडे चावडीवर शेजारी-शेजारी लिहिले जातील. बी उगवले आणि पैसा आला नाही, असे ज्या गावात दिसेल, त्या गावातून पहिली बंडी तहसीलकडे निघेल.

— नरखेड तालुक्यातील एक कास्तकार