स्टॅबिलायझर नको, केबल बदला!

टगबोटीवरच्या फ्रीजचा कॉम्प्रेसर जळाला की पहिला मेमो खलाशाच्या हातात! पश्चिम किनाऱ्यावरच्या एका बंदरात सध्या हेच चालू आहे. "निष्काळजीपणे वापर" असा ठपका आणि दुरुस्तीचा खर्च पगारातून वसूल करण्याची नोटीस. आमच्या साथींनी उत्तर लिहिण्याआधी मीटर लावला. रात्री आठ वाजता धक्क्यावरच्या पेटीत २१५ व्होल्ट, आणि बोटीवर लोड चालू असताना बोर्डावर १९०. निष्काळजी कोण, ते मीटरनेच सांगितले.

रेल्वे व डाक खात्यातील साथी म्हणतील, बोटीचे आम्हाला काय? पिट लाइनवर उभ्या रेकला बाहेरून वीज जोडतात ना, तशीच धक्क्याला लागलेली बोट जनरेटर बंद करून किनाऱ्याच्या विजेवर राहते. आणि आरएमएसच्या जुन्या डब्यात मिणमिणत्या दिव्याखाली डोळे फोडून ज्यांनी सॉर्टिंग केले, त्यांना कमी व्होल्टेज म्हणजे काय हे आम्ही शिकवायला नको.

मधले २५ व्होल्ट गेले कुठे? केबल १०० मीटर लांब, तांब्याची, अवघी २.५ चौरस मिलिमीटर जाडीची. जाऊन-येऊन २०० मीटर तार, तिचा रोध सुमारे १.४ ओहम. १६ अँपिअर ओढले की २२ व्होल्ट तारेतच संपतात. उरलेले तीन खाऱ्या हवेने हिरव्या पडलेल्या प्लगच्या पिनांत, म्हणजे ४८ वॉटची धग त्या एका प्लगात. हात लावून पाहावा साहेबांनी! मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. २३० वर जो जोर, त्याचा १९० वर सुमारे ६८ टक्केच उरतो. कॉम्प्रेसर सुरू होताना मोठा करंट ओढतो, व्होल्टेज आणखी बसते, मोटर फिरत नाही, नुसती गुणगुणते आणि वाइंडिंग जळते. यात खलाशाने काय करायचे होते?

पेटीतले २१५ तरी कुठे पुरे आहेत? १९५६ च्या भारतीय वीज नियमांनी कमी दाबाच्या पुरवठ्यात सहा टक्क्यांचीच सूट दिली होती. २३० मधून सहा टक्के वजा केले तर २१६ होतात. तारेत वीज शिरण्याआधीच तूट!

आता व्यवस्थापनाची तोड ऐका : प्रत्येक बोटीने आपापला स्टॅबिलायझर घ्यावा. खेदाची गोष्ट अशी की आपल्यातल्याही काहींना हे पटले आहे. साथींनो, स्टॅबिलायझर वीज निर्माण करत नाही. २३० व्होल्टवर १० अँपिअर द्यायचे तर १८० व्होल्टच्या लाइनीतून तो जवळजवळ १३ अँपिअर ओढतो. करंट वाढला की त्याच बारीक तारेत पडझड वाढते आणि त्याच फीडरवरच्या शेजारच्या बोटीचे व्होल्टेज आणखी खाली जाते. मग तीही स्टॅबिलायझर आणते, मग तिसरी. शेवटी सगळ्यांचे पैसे गेलेले आणि दिवे पूर्वीइतकेच मंद. रेल्वे क्वार्टर्समध्ये घरोघरी टकटकणारे ते डबे आठवा! केबल दणकट असेल तेथे बूस्टर ट्रान्सफॉर्मर उपयोगी पडतो, हे आम्ही नाकारत नाही. येथे केबलच दुबळी आहे.

'हरित सागर' मार्गदर्शक तत्त्वे २०२३ मध्ये आली. धक्क्याला लागलेल्या जहाजांना किनाऱ्यावरून वीज देण्याचे त्यांत सांगितले आहे. उत्तम. पण मोठ्या जहाजांच्या घोषणा करणाऱ्यांनी बंदराच्या स्वतःच्या टगची पेटी एकदा उघडून पाहावी.

आमच्या मागण्या साध्या आहेत. १० चौरस मिलिमीटरची केबल टाका, बावीसचे साडेपाच व्होल्ट होतील. प्लग बदला. सगळ्या बोटी एकाच फेजवर न लटकवता तिन्ही फेजवर वाटा. वसुलीच्या नोटिसा बिनशर्त मागे घ्या.

तोपर्यंत प्रत्येक पाळीत लोड चालू असताना व्होल्टेज मोजून लॉगबुकात वेळेसह लिहा, मास्टरची सही घ्या. २०० च्या खाली गेले तर कॉम्प्रेसर बंद करा आणि तसे लेखी कळवा. नोटीस आली तर उत्तरासोबत त्या पानांची नक्कल जोडा, आणि एक प्रत युनियनच्या कार्यालयात द्या.